पेटी खाली घेतली

शाळेत तक्रारपेटी लागली ती श्रावणात, आणि लागली ती थेट छताच्या खाली.

वरून कागद आला होता. प्रत्येक शाळेत लेकरांच्या सुरक्षेची समिती हवी, पेटी हवी, पेटीला कुलूप हवं आणि कुलपाची किल्ली शाळेबाहेरच्या एका बाईकडे हवी. चार वर्ग आणि दोन मास्तर असलेल्या त्या शाळेचे मुख्याध्यापक गोवर्धन सर कागदाला फार मानणारे. त्यांनी वामनराव सुताराकडून पेटी करून घेतली. वामनरावाने जन्मभर खिडक्या केलेल्या. त्याने पेटीलाही खिडकीच ठेवली. लेकराचा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढं तोंड.

"चिठ्ठीपुरतं ठेवायचं होतं ना, वामनराव," सर म्हणाले.

"हवा लागली पायजे, सर. लाकूड फुगते."

राहिली बाई. सरपंचीणबाईंचे गुडघे दुखत होते, अंगणवाडीच्या बाईंकडे आधीच सात रजिस्टरं होती. उरली मनकर्णा. गावाबाहेर चांदूर बाजारच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचा, शेषरावचा, तीन एकरांचा संत्र्याचा बगीचा. विहिरीच्या पाण्यावर बाजूच्या तुकड्यात ती वांगी, पालक, चवळी लावायची आणि शाळेच्या खिचडीसाठी रोज सकाळी एक टोपली घेऊन यायची.

"सही येते ना, वयनी?" सरांनी विचारलं.

"सातवी पास हावो मी, सर. टोपलीवरून अंदाज नोका करू."

किल्ली तिने मंगळसूत्रात ओवली. दुसरी जागा कुठे होती? दर शनिवारी सर स्टुलावर चढून पेटी उतरवत, ती कुलूप उघडे, आत काही नसे. सर वहीत 'निरंक' लिहीत आणि ती खाली सही करी. अक्षर मात्र ती घोटून काढी, लग्नपत्रिकेत काढावं तसं.

चौथ्या शनिवारी काय मनात आलं कोण जाणे, ती भिंतीशी उकिडवी बसली. पहिलीतल्या लेकराएवढी झाली. आणि तिथून वर पाहिलं. पेटीचं बूड दिसलं, त्यावर कोळ्याचं जाळं दिसलं. बाकी काही नाही.

"सर, पेटी कोणासाठी हाये?"

"लेकरांसाठीच की."

"मंग लेकरं का उंटावर बसून येतात?"

सर ओशाळले. वामनरावाला बोलावलं. पहिलीतलं सगळ्यात बुटकं पोरगं भिंतीशी उभं केलं. त्याने मोठ्या उत्साहाने हात वर केले. "हात नोको वर करू, राजा," मनकर्णा म्हणाली, "नुसता उभा राय." आणि त्याच्या छातीच्या उंचीला तिने कोळशाने रेघ मारली.

पुढच्या शनिवारी कुलूप उघडलं, तर पेटी निम्मी भरलेली.

चिठ्ठ्या दोनच होत्या. बाकी वस्तू. पहिली-दुसरीच्या लेकरांना अजून लिहिता येत नव्हतं, पण सांगायचं तर होतं. मग ज्याची तक्रार त्यांनी तीच आणून टाकली होती. तुटका चपलेचा पट्टा. चावून चावून भुसा झालेली पेन्सिल. कागदात गुंडाळलेला दुधाचा दात.

सर हसले. "हे काय लिहू मी वहीत?"

"थांबा," मनकर्णा म्हणाली, आणि तो पट्टा हातात घेऊन वर्गावर्गांत फिरली. चप्पल बहिणीची होती, दोन बोटं मोठी, आणि ती घालणारी पोरगी रोज नाल्यापाशी पडत होती. पेन्सिल शेजारचा पोरगा चावत होता. दाताचं पोरगं तर तिला पाहून रडायलाच लागलं. दात पडला तेव्हा रक्त आलं, आई माहेरी गेलेली, आणि आपण आता मरणार असं वाटून ते तीन दिवस गप्प होतं.

"अरे बाप्पा," ती म्हणाली. "तीन दिवस? एकटाच?"

त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. मातीत पेरलेलं उगवतं याची तिला काही नवलाई उरली नव्हती. पण हे काय उगवलं होतं? चार फळ्या आणि एक कुलूप. आणि एवढी एवढी लेकरं त्यात आपली भीती आणून टाकत होती, देवळातल्या पेटीत टाकावी तशी. सरांनीही वहीत एक नवा रकाना आखला. 'वस्तू'.

भादवा लागला आणि बगिच्यात गळ सुरू झाली.

अंबिया बहाराचं, उन्हाळ्याआधी फुललेलं फळ लिंबाहून मोठं झालेलं, हिरवंगार, आणि सकाळी पाहावं तर झाडाखाली सडा. पंधरा दिवस पावसाची झड लागलेली, काळ्या मातीत पाणी मुरेना, मुळं गुदमरलेली. शेषराव रोज पहाटे पंप पाठीला अडकवून फवारणी करायचा आणि रोज सकाळी मनकर्णा गळलेली फळं टोपल्यात वेचून खड्ड्यात पुरायची. वेचून वेचून कंबर धरली. बोटांना त्या आंबट रसाची जळजळ कायमची. मदतीला एकच बाई होती, साधना. वस्तीवर राहायची, नवरा बाहेरगावी कामाला, आणि सात वर्षांची पौर्णिमा दुसरीत. शाळा सुटली की पौर्णिमा आईची वाट पाहत बांधावर बसे.

शेषराव तसा बोलका गडी. पण गळ लागली की त्याचं तोंड कडू व्हायचं. वानरांवर ओरडायचा, आभाळावर ओरडायचा. दोघंही ऐकत नसत, म्हणून मग माणसांवर.

"लेकरं झाडं हालवतात," तो म्हणायचा. "लगोरी खेळाले फळं पायजे त्याईले."

"पडलेली उचलतात, आवो. हालवाले त्याईचा हात तरी पुरते काय?"

"तू त्याईचीच वकिलीन."

एका गुरुवारी सकाळी त्याने बगिच्यातूनच हाक मारली. "मनकर्णे! मोटरच्या खोलीची खुंटी कोनं नेली?"

विहिरीशेजारी मोटरपंपाची खोली. चार भिंती, पत्र्याचं छप्पर, खिडकी नाही. तुंबलेलं पाणी उपसायला मोटर सध्या दिवसभर चालू. दाराला कडीकोयंडा होता, कुलूप कधीच हरवलेलं. कोयंड्यात अडकवायला खुंटी होती, ती म्हणजे मनकर्णेचं जुनं लाटणं. मधोमध मोडलं तेव्हा अर्धं तिने चुलीत घातलं होतं आणि अर्धं शेषरावने मागून नेलं होतं. निमुळतं टोक कोयंड्यात फिट बसायचं.

"लाटन्याचा तुकडा कोन चोरते?" ती म्हणाली. "पडली असीन कुठी."

"पडाले काय पाय हायेत तिले?"

तिने काडी मोडून कोयंड्यात अडकवली आणि टोपली डोक्यावर घेऊन शाळेत गेली.

त्याच दिवशी तिने शाळेमागे एक गोष्ट पाहिली.

मुलींच्या संडासाला पत्र्याचं दार होतं आणि कडी फक्त बाहेरून. आतून काही नाही. बांधणाऱ्याला सुचलं नसावं. ते दार सताड उघडं होतं, आणि उंबऱ्यावर दोन पोरी पाठमोऱ्या उभ्या होत्या, दोघींच्या मध्ये तांदळाचं रिकामं पोतं ताणून धरलेलं. पावसाची भुरभुर त्यांच्या तोंडावर. एक पोळ्याचं गाणं पुटपुटत होती.

"काय करून राहिल्या व, पोरीहो?"

"पौर्णिमा आत हाये, मोठीमाय."

"मंग दार लावा ना."

"तिले दार नाई चालत," मोठी म्हणाली, जणू कुणाला कारलं चालत नाही तसं. "आंधी ती जातच नोती. वर्गातच होऊन जाये. सर रागवले. मंग आमी पोतं आनलं."

"कोनी सांगतलं तुमाले?"

"कोनी नाई."

"कवापासून नाई चालत?"

"सोमवारपासून."

पोत्यामागून आवाज आला, "हाये ना व तुमी?" आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "हावो, हाये!"

मनकर्णा टोपली धरून तशीच उभी राहिली. पोतं भिजून जड झालं होतं, पोरींचे हात भरून आले होते, पण एकीनेही ते खाली येऊ दिलं नाही. आपण समिती, आपल्या गळ्यात किल्ली. आणि खरी समिती ही इथे पावसात उभी. तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला, देवळापुढून जाताना जातो तसा.

शनिवारी पेटी उघडली. एक मोरपीस होतं, ते बहुधा नुसतंच बक्षीस. आणि खाली, आडवा पडलेला, लाटण्याचा तुकडा.

"हे बघा," सर म्हणाले. "आता सरपण टाकायला लागले."

मनकर्णेने तो उचलला. जाड अंगाला काळा डाग होता, तिच्याच चुलीचा, संक्रांतीच्या पोळ्या करताना विसरून राहिलं होतं तेव्हाचा. निमुळत्या टोकाला कोयंड्याच्या गंजाचं तांबडं कडं. दार नाही चालत. सोमवारपासून. आणि त्याआधीच्या रविवारी साधना वांगी तोडायला आली होती, सोबत पोरगी होती, आणि दुपारी साधना बांधाबांधाने हाका मारत फिरत होती.

"तक्रार निरंक लिहू ना?" सरांनी विचारलं.

ती तुकडाच उलटसुलट करत होती. सरांनी ते होकारच धरलं, लिहिलं आणि वही पुढे सरकवली. मनकर्णेने सही केली. तिचं तिलाच कळलं नाही, हात कसा चालला. अक्षर नेहमीसारखं घोटीव आलं नाही. तुकडा तिने टोपलीत टाकला, वर पदराचं फडकं घातलं आणि निघाली. घरचं आहे, घरी पाहू. एवढंच मनात.

फाटकापाशी पौर्णिमा उभी होती. बारीक अंग, कानात कडुनिंबाच्या काड्या. तिची नजर टोपलीवर. फडक्याखालून तुकड्याचं टोक बाहेर आलं होतं.

"मोठीमाय," ती हळूच म्हणाली, "थे घरी नोको नेऊ."

मनकर्णा थांबली.

"थे पेटीतच ठेव. पेटीले कुलूप हाये."

मनकर्णेने टोपली खाली ठेवली. मग स्वतःही खाली बसली, ओल्या मातीतच, पोरीच्या डोळ्यांना डोळे येतील अशी.

"तू आनलं?"

मान हलली.

"कावून आनलं, सांगशीन?"

"मंग दार लावता येत नाई कोनाले."

बाकीचं पौर्णिमाने तुकड्यातुकड्याने सांगितलं, मातीत बोटाने रेघा ओढत. तिने ओच्यात सात-आठ फळं उचलली होती, पडलेलीच. मोठ्याबाबाने, शेषरावने, हात धरला. आत घातलं. म्हणाला, बस इथी, मंग समजीन. आणि मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. ती ओरडली, पण विहिरीची मोटर चालू होती. मग अंधारातून वास येत होता फवारणीच्या औषधाचा. मग तिला घाई लागली आणि कपड्यातच झालं. सांजच्याला दार उघडलं. म्हणाला, मायले सांगतलं तं पाय.

"अन् तू काय केलं आत?"

"शाळा घेतली."

"कोनाची व?"

"संत्र्याईची."

मनकर्णेने तिच्या कानातली सरकलेली काडी नीट केली. "तुले माहीत होतं ना, मोठाबाबा माया घरचा हाये? अन् किल्ली मायापाशी असते?"

"हो."

"मंग पेटीत कावून टाकलं, माय?"

पौर्णिमाने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही.

"तू पेटी खाली घेतली ना."

रस्त्याने बैलगाडी गेली, पाऊस आला, थांबला. मनकर्णा मातीत बसून होती. तिच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिला कुणी एवढं मोठं मानलं नव्हतं. तिच्या गळ्याला किल्ली होती, आणि या पोरीने गळा पाहिला नव्हता, कुंकू पाहिलं नव्हतं, घर पाहिलं नव्हतं. एक कोळशाची रेघ पाहिली होती.

"तू कोनाले सांगशीन?" पोरीने विचारलं.

"सरले सांगीन. तुया मायले सांगीन. अन् ज्यानं केलं, त्याले तं सांगीनच. गुपित नाई ठेवनार मी, आताच सांगून ठेवतो."

"थो रागवीन."

"मायावर रागवीन. तुयापाशी नाई येनार थो. थे काम माहं."

ती उठली, लुगड्याचा चिखल तसाच, आणि परत ऑफिसात गेली. तुकडा सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, निरंक खोडा."

सगळं ऐकून सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "वयनी, शेषरावभाऊ आपले... मी समजावून सांगतो त्यांना. वहीत नाव आलं तर वर कळवावं लागेल. गावात तुमचंच तोंड..."

"माहं तोंड मी घेऊन फिरीन. तुमी नाव लिहा. शेषराव लिहा, पुढं बापाचं नाव लिहा, आडनाव लिहा." मग थोडी थांबून, "अन् वर्गात होऊन जाये तवा तुमी रागवले तिले, थेई लिहा."

सरांनी पेन उचललं. ते वाक्य लिहिताना त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी लिहिलं. कागदाला मानणारा माणूस. एकदा लिहिलं की मग तो मागे हटत नसे. वर कळवायचा कागदही त्यांनी त्याच बैठकीत काढला.

दोघं साधनाकडे गेले. साधना चूल फुंकत होती. ऐकलं, फुंकणी खाली ठेवली.

"मले माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "रविवारीच समजलं होतं. पोरीच्या कपड्याले औषधाचा वास होता." मग चुलीकडेच पाहत, "सोमवारी मी कामावर आली. तुमीच सांगा, कोन्या तोंडानं आली असीन."

मनकर्णेला उमगलं. त्या बाईला बोलता येऊ नये अशी सोय आपल्याच बांधावर झाली होती. ती फक्त खाली बसली आणि चूल विझू नये म्हणून दोन काड्या आत सारल्या.

बगिच्यात पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. शेषराव झाडाखाली बसून गळलेलं फळ चिरून पाहत होता.

"पौर्णिमाले मोटरच्या खोलीत तुमी कोंडलं?"

त्याने मान वर केली नाही. "कोनी सांगतलं?"

"मी विचारून राहिली."

"अर्धा घंटा कोंडनार होतो. चांदूरले फवारनीच्या पंपाचा वायसर आनाले गेलो, दुकान बंद होतं, थांबलो, ध्यानातून गेली." चाकू मातीत पुसत तो म्हणाला, "काय झालं एवढं? आमाले बाप दिवसदिवसभर गोठ्यात बैलापाशी बांधे. मेलो का आमी?"

"मेले नाई," मनकर्णा म्हणाली. "पन पंचवीस वर्सं झाली, गोठ्यात शिराच्या आंधी तुमी खाकरता. लाइट असला तरी. कावून खाकरता, मी कधी विचारलं नाई."

चाकू थांबला.

"वहीत नाव लिहिलं तुमचं. मी लिहाले लावलं. सोमवारी समितीपुढं या लागते."

"तू?" तो उठून उभा राहिला. "सोताच्या नवऱ्याचं?"

मनकर्णा मागे सरली नाही. वळून मोटरच्या खोलीकडे चालू लागली. काडी काढली, दार उघडलं, आत गेली आणि दार ओढून घेतलं.

अंधार एकदम अंगावर आला. डोळे उघडे काय, मिटले काय. औषधाच्या डब्यांचा उग्र दर्प घशात बसला. मोटरचा आवाज भिंतींतून, दातांतून. एवढ्यात तिला, घोड्यासारख्या बाईला, बाहेर पळावंसं वाटलं. ती पोरगी दुपारपासून सांजेपर्यंत होती. मनकर्णा हाताने चाचपत खाली बसली, आणि भिंतीशी तिच्या बोटांना काहीतरी लागलं. गोल. त्याच्या शेजारी आणखी एक. आणखी एक.

बाहेरून दार उघडलं. शेषराव उंबऱ्यात होता. तो खाकरला. उजेड आत आला.

भिंतीलगत सुकून सुरकुतलेली संत्री ओळीने मांडलेली होती. सात. अंतर सारखं. आणि त्यांच्या समोर, तोंड त्यांच्याकडे करून असावं तसं, एक आठवं. खाली मातीच्या जमिनीवर बोटाने आडव्या रेघा ओढलेल्या, हजेरीच्या.

"शाळा घेतली तिनं," मनकर्णा म्हणाली. "अंधारात."

शेषरावने ती ओळ पाहिली. मग तो हळूहळू उंबऱ्यावरच बसला. हात गुडघ्यात. मग उठून मोटर बंद केली. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच बगिच्यात एवढं शांत झालं, की फळ गळून पडल्याचा आवाज ऐकू आला. टप. आणि थोड्या वेळाने पुन्हा, टप.

सोमवारी तो समितीपुढे आला. खुर्च्या चारच होत्या, त्याला कुणी खुर्ची दिली नाही. तो लेकरांच्या बसकरावर बसला, गुडघे कानाला लावून. पौर्णिमाला बोलावलं नव्हतं. "पोरीले त्याच्या पुढं उभं कराचं नाई," हे मनकर्णेने आधीच सरांना बजावलं होतं. जे झालं ते त्याने सांगितलं, अर्धा घंटा म्हणाला नाही, दुपार म्हणाला. मग सही केली. वरून माणूस येऊन चौकशी करून गेला. ते पुढे जे व्हायचं ते होत राहिलं. साधना बगिच्यात पुन्हा आली नाही, दुसऱ्यांकडे निंदणाला जाऊ लागली. तिला मनकर्णेने बोलावलंही नाही. वांग्यांची परडी मात्र मनकर्णा येता-जाता तिच्या दारात ठेवी. कधी परडी रिकामी परत मिळे, कधी भरलेलीच. गावातल्या बाया विहिरीवर मनकर्णेला पाहून बोलणं बदलत. शेषराव घरात पाच-सहा दिवस फक्त "वाढ" आणि "पुरे" एवढंच बोलला.

सातव्या दिवशी ती भाजी तोडून आली तर मोटरच्या खोलीला दार नव्हतं. त्याने ते बिजागरीतून काढलं होतं. औषधाचे डबे घरात माळ्यावर गेले होते. दार वामनरावाच्या कारखान्यात.

"चांगलं सागवान हाये," वामनराव म्हणाला. "शेषरावभाऊ म्हने, शाळेत लाव. म्या म्हटलं, कडी कुठी लावू? तं म्हने, आतून. अन् उंची वयनीले विचार."

उंची सांगायला मनकर्णा गेली. पुन्हा कोळशाची रेघ.

दार लागल्यावर चार दिवस पौर्णिमाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पोतं चालूच होतं. पाचव्या दिवशी मनकर्णा टोपली घेऊन शाळेमागून येत होती. दोघी पोरी उंबऱ्यापाशी उभ्या होत्या, पण आज पोतं घडी करून पायाशी ठेवलेलं. नवं दार अर्धं लोटलेलं. मनकर्णा जागीच थांबली. टोपलीतला पालकही हलला नाही.

दार आणखी थोडं लोटलं गेलं. आणखी थोडं. मग बंद झालं. बराच वेळ काही नाही. आणि मग आतून, बारीकशी, कडी सरकल्याचा आवाज आला.

मनकर्णेने श्वास सोडला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"लागलं ना व दार," ती पोरींना म्हणाली, "आता कावून उभ्या?"

"असंच," मोठी म्हणाली. "बाहेर आली का आमी दिसाले पायजे तिले."